१३०० डीलर, ११ तालुके आणि मालकांना पाहिजे टीव्हीवर नकाशा. गुगल घेऊ का लीफलेट?

जुळे_सोलापूरचा_डेव्ह

नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहितोय, सांभाळून घ्या.

मी सोलापुरातच फ्रीलान्स करतो. आत्तापर्यंत बिलिंग सॉफ्टवेअर, शाळांच्या वेबसाईटी, एखाद्या डॉक्टरांचं अपॉइंटमेंटचं असलं करत आलोय. नकाशाचं काम म्हणाल तर कॉन्टॅक्ट पेजवर गुगलचा चौकोन चिकटवणं, संपलं. आता एक पार्टी आलीये, पशुखाद्याचे डिस्ट्रिब्युटर, गोडाऊन अक्कलकोट रोडला एमआयडीसीत. माल जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांत जातो आणि थोडा खाली इंडी-विजापूरकडं पण. १३०० च्या आसपास डीलर, ६ सेल्समन, ९ गाड्या (दोन ४०७, बाकी पिकअप). मालकांनी पुण्यात कुणाच्या तरी ऑफिसात भिंतीवरच्या टीव्हीवर नकाशा बघितला, त्यावर ठिपके, ठिपक्यावर क्लिक केलं की पार्टीची कुंडली. आता त्यांना तसाच पाहिजे. "आपण पण एक टीव्ही लावू की" ही झाली रिक्वायरमेंट.

खोदून खोदून विचारल्यावर एवढं बाहेर आलं. डीलर नकाशावर दिसावेत, उधारी किती दिवसांची आहे त्याप्रमाणे ठिपक्याचा रंग बदलावा, कुठला सेल्समन कुठल्या भागात ते कळावं, सकाळी गाडी भरताना पोती कुठल्या क्रमाने लावायची ते कळावं (शेवटी उतरायचा माल आधी भरतात ना), सेल्समनच्या मोबाईलवर चालावं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "दर महिन्याला कुणाला काय द्यावं लागू नये".

मी एका संध्याकाळी लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवायची फुकट लायब्ररी) लावून बघितलं, अर्ध्या तासात सोलापूरचा नकाशा स्क्रीनवर आला, बायकोला बोलावून दाखवला. मग त्यांची एक्सेल उघडली आणि नशा उतरली. पत्ते बघा: "मारुती मंदिरासमोर, मु. पो. वांगी". "स्टँडजवळ, सांगोला". एका ठिकाणी पत्त्याच्या कॉलममध्ये फक्त "विष्णूच्या शेजारी" आहे, शप्पथ. फुकटच्या जिओकोडरला (पत्त्यावरनं अक्षांश-रेखांश काढणारी सेवा) दिले तर चारशेच्या वर पत्ते पिनकोडच्या मध्यावर एकावर एक जाऊन बसले. वांगी आपल्या करमाळ्याकडची पाहिजे तर ती गेली सांगली जिल्ह्यात. जे बरे आले त्यांची जिओजेसन फाईल (नकाशावरच्या जागा लिहून ठेवायचा फॉरमॅट) केली, नकाशावर टाकली, तर एकही डीलर दिसेना. दोन तास कोड बघत बसलो. शेवटी सहज झूम आऊट केलं तर सगळी मंडळी नॉर्वेच्या वर समुद्रात!

तर प्रश्न असे की गुगलचं एपीआय (त्यांची नकाशाची सेवा आपल्या कोडमधून वापरायची सोय) घेऊ का लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा), पत्त्यांचं काय करू, रूट कसा काढू, आणि पैसे किती सांगू. मालक चांगले आहेत पण व्यापारी आहेत.

पोस्टग्रेसकाका

तुझे डीलर सोलापूरच्या उन्हाला कंटाळून गेले तिकडं, दुसरं काय.

हसण्यावारी नेऊ नको पण, ही चूक प्रत्येकानं एकदा केलेली असते. सोलापूर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. लीफलेटला अक्षांश आधी लागतो. जिओजेसनमध्ये रेखांश आधी, अक्षांश नंतर, २०१६ च्या आरएफसी ७९४६ (जिओजेसनचं स्टँडर्ड) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. तू फाईल बनवताना उलटं लिहिलंस, म्हणजे झालं ७५.९१ उत्तर आणि १७.६६ पूर्व, तिथं स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेचा समुद्र आहे. आपल्याकडं दोन्ही आकडे ९० च्या आत असल्यामुळं कुठं एरर पण येत नाही, गपचूप चुकतं. डेटाबेसमध्ये घेतानाच एक अट टाक, अक्षांश १६ ते १९ आणि रेखांश ७४ ते ७७ च्या बाहेर असेल तर रेकॉर्ड घ्यायचंच नाही. पुढं शंभर भानगडी वाचतील.

लायब्ररीचं म्हणशील तर १३०० ठिपक्यांना लीफलेट रग्गड झालं. २०११ पासून आहे, छोटीशी आहे, सेल्समनच्या आठ हजाराच्या मोबाईलवर पण पळते. ओपनलेयर्स जास्त ताकदीची पण तुला ती ताकद लागत नाही. मॅपलिब्रे छान आहे (मॅपबॉक्सने डिसेंबर २०२० मध्ये लायसन्स बदललं तेव्हा लोकांनी जुन्या कोडवरून वेगळी काढली ती), नकाशा तिरका करता येतो, गुळगुळीत झूम होतो, पण तुझ्या मालकांना तिरका नकाशा बघून उधारी वसूल होणारे का? ठिपके गर्दी करतील तर मार्करक्लस्टर प्लगइन लाव, जवळचे ठिपके एका गोलात गोळा करतं.

खरं काम मागं आहे. पोस्टग्रेस डेटाबेस घे, त्यावर पोस्टजीआयएस (जागांचा हिशोब करणारी जोड) चढव. सेल्समनचा एरिया म्हणजे एक पॉलिगॉन, डीलर त्याच्या आत आहे का ही एक ओळीची क्वेरी. "या गावापासून ५ किलोमीटरात आपला दुसरा कोण आहे" हे एसटी_डीविदिन या फंक्शनने होतं, फक्त कॉलमचा टाइप जिओग्राफी ठेव. जिओमेट्री ठेवून ४३२६ (साधे अक्षांश-रेखांश) मध्ये ५ लिहिशील तर ते ५ अंश धरतं, आणि ५ अंशात सोलापूरपासून मुंबई पण बसते. माझ्या एका रिपोर्टमध्ये बार्शीच्या दुकानाचा "जवळचा" डीलर नाशिकचा निघाला होता, मीटिंगमध्ये.

गुगलच_बरं

काका आदर आहे, पण पोरगा एकटा आहे, त्याला सर्व्हर सांभाळायचं शिकवताय. लीफलेट फुकट आहे हो, पण लीफलेट म्हणजे नुसती चौकट, आतलं चित्र कुठून आणणार? ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) सर्व्हरवरून? तो देणगीवर चालतो, त्यांच्या नियमात लिहिलंय की जड वापर करायचा नाही, नकाशा एकगठ्ठा डाऊनलोड करून ठेवायचा नाही, आणि कधी बंद पडला तर तक्रार कुणाकडं करणार? त्यांचा फुकटचा जिओकोडर नॉमिनॅटिम, त्याला सेकंदाला एकच रिक्वेस्ट. धंद्याच्या कामाला असलं चालत नाही.

गुगल घे, कार्ड जोड, काम संपव. २०१८ पासून बिलिंग अकाउंट सक्तीचं आहे, आधी महिन्याला २०० डॉलरचं क्रेडिट असायचं, मार्च २०२५ पासून ते काढून प्रत्येक सर्व्हिसला वेगळी फुकट मर्यादा केलीये, भारताला रेट पण वेगळे आणि कमी आहेत. सहा सेल्समन आणि एक टीव्ही, एवढ्यात तू मर्यादेच्या बाहेर जाशील असं वाटत नाही. तरी आजचं रेट कार्ड स्वतः वाचून हिशोब कर, माझ्या शब्दावर जाऊ नको.

एक मात्र माझ्याकडून शिक. मी एकदा एपीआय की (गुगलने दिलेली गुप्त किल्ली) सकट कोड गिटहबवर पब्लिक टाकला, चूक शंभर टक्के माझी. रात्री जेवून झोपलो, सकाळी मेल. आकडा सांगत नाही, घरी अजून माहीत नाही. तेव्हापासून की ला डोमेनचं बंधन घालतो आणि रोजचा कोटा बांधून ठेवतो. बजेट अलर्ट लावला म्हणून निवांत झोपू नको, अलर्ट नुसता मेल पाठवतो, मीटर चालूच राहतं. मीटर थांबवतो तो कोटा.

पोस्टग्रेसकाका

टाइलचा मुद्दा मान्य, त्यावर कुणी भांडू शकत नाही. पण त्याला उपाय आहे. पीएमटाइल्स नावाचा प्रकार आहे, अख्खा नकाशा एका फाईलमध्ये, साध्या स्टोरेजवर ठेवायची आणि ब्राउझर त्यातला पाहिजे तेवढाच तुकडा मागून घेतो, सर्व्हर चालवायला लागत नाही. जिल्हा आणि आजूबाजूचा पट्टा कापून घेतला तर फाईल पेनड्राइव्हवर सहज मावते. अख्ख्या जगाचा नाद करू नको, दर झूमला टाइल चौपट होतात, झूम ० ला एक, १ ला चार, १८ ला गेलास की ६८ अब्जाच्या वर.

आणि गुगलवाल्या भाऊ, एक गोष्ट तुम्ही सांगितली नाही. गुगलच्या जिओकोडिंगने काढलेले अक्षांश-रेखांश ३० दिवसांच्या वर साठवायला त्यांच्या अटीत परवानगी नाही, प्लेस आयडी (त्या जागेचा गुगलचा नंबर) तेवढा कायम ठेवता येतो. आणि त्यांचे निकाल दुसऱ्याच्या नकाशावर दाखवायचे नाहीत. म्हणजे "एकदाच गुगलवरून सगळे पत्ते काढून घेतो आणि लीफलेटवर लावतो" ही जी आपल्याकडं सगळे करतात ती युक्ती, ती अटी मोडून केलेली असते. उद्या मालकांच्या वकिलानं विचारलं तर तुझ्या अंगावर येईल.

टेम्पोवाला_मोहोळकर

मी डेव्हलपर नाही, बहिणीच्या पोराने लिंक पाठवली म्हणून वाचतोय. आमच्या घरच्या सात गाड्या आहेत, पेंड, खत, सिमेंट सगळं वाहतो. असलंच सॉफ्टवेअर आम्ही एकाकडनं करून घेतलंय म्हणून सांगतो.

पत्त्यावरनं जागा काढायचा नाद सोडा. "स्टँडजवळ सांगोला" ह्याच्यावरनं गुगल काय आणि गुगलचा बाप काय, कुणाला कळणार नाही. गाडी आठ-पंधरा दिवसांत प्रत्येक डीलरकडं जातेच. ड्रायव्हरच्या मोबाईलवर एक पान द्या, त्यावर आज उतरायच्या पार्टीची नावं आणि प्रत्येकापुढं एक मोठं बटण, "माल उतरला". दाबलं की तिथली जागा सेव्ह. दोन महिन्यांत जिल्हा तयार, कुणाला फी नाही, डेटा तुमच्या मालकाचा.

पण आमच्याकडं जे झालं ते ऐका. पहिल्या आठवड्यात नकाशा उघडला तर चाळीस डीलर आमच्या गोडाऊनच्या दारात. ड्रायव्हर दिवसभर बटण दाबत नव्हते, संध्याकाळी गाडी लावून चहा पिताना सगळी एकदम दाबून मोकळे. मग पोरानं असं केलं की गोडाऊनच्या ५०० मीटरच्या आत बटण चालतच नाही. दुसरं, मोबाईल पहिल्यांदा जी जागा देतो ती टॉवरवरनं असते, दीड-दोन किलोमीटर कुठंही, त्याला तीस सेकंद उभा करा. ब्राउझर जागेबरोबर अचूकता पण मीटरात देतो म्हणे, ती ३० च्या वर असेल तर घेऊच नका.

तिसरं, हे तुम्ही ऑफिसात बसून कधीच ओळखणार नाही. डीलरचं दुकान गावात आणि उतरायची जागा मळ्यात असते. सेल्समन दुकानात जातो, गाडी वस्तीवर. एका डीलरला दोन ठिपके लागतात. आम्ही एकच ठेवला होता तर सेल्समन दुपारी बाराला मंगळवेढ्याच्या पुढं ज्वारीच्या रानात उभा राहून फोन करायचा, "दुकान दिसंना".

आणि ड्रायव्हरला आधी नीट समजावून सांगा. त्यांना वाटतं मालक पाळत ठेवतोय. आमचा एक म्हातारा ड्रायव्हर मोबाईल गोडाऊनवरच ठेवून जायला लागला. "माल उतरतो तेव्हाचीच जागा घेतो, जेवायला कुठं थांबला ते बघत नाही" असं सांगून तसंच करा पण. आता कायदा पण आलाय म्हणे.

जुळे_सोलापूरचा_डेव्ह

मोहोळकर दादा, तुमचा मेसेज प्रिंट काढून भिंतीला लावणार आहे. दोन ठिपक्यांचं तर डोक्यातच नव्हतं. रेंज नसली तर काय करता? सांगोल्याकडं काही ठिकाणी काहीच येत नाही.

टेम्पोवाला_मोहोळकर

मोबाईलमधीच साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. जीपीएसला रेंज लागत नाही, वर आभाळ दिसलं की झालं.

पोस्टग्रेसकाका

इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधली साठवायची जागा) म्हणायचंय त्यांना. आणि साईट एचटीटीपीएस वर पाहिजे, २०१६ पासून क्रोम साध्या एचटीटीपी वर जागा देतच नाही. दादा म्हणतात तो कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन, संमतीचा कागद मराठीत करून सह्या घेऊन ठेव, एक पान पुरे.

नकाशेताई

उशिरा येतेय, पण तीन गोष्टी कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं) शिकवते, विद्यार्थी दरवर्षी ह्याच तीन खड्ड्यांत पडतात.

पहिली देशाची सीमा. ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या टाइलवर काश्मीर आणि अरुणाचलकडची रेषा आपल्या अधिकृत नकाशासारखी नसते. आपल्याकडं सीमा दाखवायची ती सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणे, आणि चुकीचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या क्रिमिनल लॉ अमेंडमेंट कायद्याखाली गुन्हा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम बरेच सैल झाले, भारतीय कंपनीला नकाशासाठी डेटा गोळा करायला आधी परवानगी काढत बसावं लागत नाही, पण सीमेचं सैल झालेलं नाही. तुझ्यापुरता सोपा मार्ग म्हणजे नकाशाला कुंपण घाल. मॅक्सबाउंड्स जिल्ह्याच्या थोडं बाहेरपर्यंत आणि मिनझूम ८ च्या आसपास, म्हणजे कुणी कितीही झूम आऊट केलं तरी देशाची सीमा स्क्रीनवर येतच नाही. टीव्हीवर लावणार आहेस, येणारे-जाणारे बघणार, फोटो काढून ग्रुपवर टाकणार, तेव्हा हे पहिल्या दिवशीच कर.

दुसरी मराठी अक्षरं. काकांनी पीएमटाइल्स सांगितलं ते उत्तम, पण व्हेक्टर टाइल (तयार चित्र नाही, नुसता डेटा, तो ब्राउझरमध्ये रंगवतात) मॅपलिब्रेवर काढून त्यात गावांची नावं देवनागरीत टाकशील तर रडशील. ते एकेक अक्षर सुटं उचलून शेजारी शेजारी ठेवतं, आपली लिपी तशी चालत नाही. "चिंचोली" ची पहिली वेलांटी च च्या मागं जाऊन बसते, "अक्कलकोट" मधला जोड क फुटून पाय मोडलेला क दिसतो. मी माझ्या डोळ्यांनी "पंढरपूर" शेजारी एक मोकळा ठिपक्यांचा गोल बघितलाय. त्यामुळं एक तर सर्व्हरवर चित्र तयार होऊन येणारी रास्टर टाइल वापर, त्यात अक्षरं नीट येतात, नाही तर नकाशावरची नावं इंग्रजी राहू दे आणि तुझ्या डीलरची नावं ब्राउझरच्या साध्या टेक्स्टमध्ये, म्हणजे लीफलेटच्या टूलटिपमध्ये दाखव. ब्राउझरला देवनागरी येते, भानगड नकाशाच्या इंजिनाची आहे.

तिसरी गावांची नावं. वांगी एकटी नाही, बोरगाव, पिंपरी, वडगाव, ही नावं जिकडं तिकडं. नावावरनं गाव जोडू नकोस. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो तुझ्या टेबलात घे. एक्सेलमध्ये तालुका असेल तर आधी तालुका, मग गाव, मग कोड, आणि जे जुळणार नाहीत ते मालकांच्या क्लार्कसमोर बसून. कंटाळवाणं आहे पण दीड दिवसाचं काम आहे. ड्रायव्हरने दाबलेली जागा आणि कोडचं गाव ह्यात १० किलोमीटरच्या वर फरक असेल तर लाल झेंडा.

जाता जाता, पोस्ट खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन काढलंय, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससीबरोबर. १० अक्षरांचा कोड, साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन, अक्षांश-रेखांशावरनं ऑफलाइन निघतो. बिलावर डीलरच्या नावाखाली छापून टाक, "विष्णूच्या शेजारी" पेक्षा बरा.

गुगलच_बरं

ताई, सीमेचं मला माहीत नव्हतं, माझे दोन क्लायंट आहेत ओपनस्ट्रीटमॅपवर, आज रात्रीच कुंपण घालतो.

जुळे_सोलापूरचा_डेव्ह

ताई खूप आभारी आहे, आणि हो, तो ठिपक्यांचा गोल मला पण आला होता, मला वाटलं माझा फॉन्ट खराब आहे.

आता रूटचं सांगा कुणीतरी. मी सध्या दोन ठिपक्यांतलं सरळ अंतर काढून जवळचा आधी असं लावलंय.

टेम्पोवाला_मोहोळकर

सरळ अंतर? भीमेच्या अल्याड एक डीलर आणि बरोबर समोर पल्याड एक, नकाशावर हात लावला तर शेजारी, पण पूल कुठाय? गाडी पोहत जाणार काय?

पोस्टग्रेसकाका

रस्त्याचं अंतर पाहिजे तर ओएसआरएम (रस्त्यावरनं अंतर काढणारं खुलं सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर टाक, त्यांचा डेमो सर्व्हर धंद्याला वापरायचा नाही. एका गाडीला २०-२५ पार्ट्या असतील तर २५ बाय २५ चा अंतराचा तक्ता तो क्षणात देतो. तो तक्ता व्हरूमला (गाडीच्या थांब्यांचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर) दे, गाडीची क्षमता पोत्यांत सांग, तो क्रम लावून देतो. क्रम उलटा केला की भरायची यादी.

दोन खाचा आहेत. जिओफॅब्रिकवरनं (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा देणारी साईट) भारताचा वेस्टर्न झोन उतरवशील तर त्यात कर्नाटक नाही, ते सदर्न झोनमध्ये. तुझे इंडी-विजापूरचे डीलर हवेत लटकतील, आणि ओएसआरएम एरर देत नाही, जवळचा जो रस्ता सापडेल तिथं तो डीलर नेऊन चिकटवतो. म्हणजे विजापूरचा डीलर सरहद्दीच्या अलीकडं उभा दिसेल आणि अंतर छान कमी येईल. दोन्ही झोन जोडून घे आणि रेडियस, म्हणजे रस्ता किती लांबपर्यंत शोधायचा ती मर्यादा, बांध. दुसरं, डीफॉल्ट प्रोफाइल कारचं असतं. भरलेली ४०७ कारच्या स्पीडने जात नाही, प्रोफाइलमधले आकडे खाली आण, दादांना विचार किती.

टेम्पोवाला_मोहोळकर

हायवेला ५०, आतल्या रस्त्याला २५ धरा. पाऊस झाल्यावर वस्तीच्या रस्त्याला विचारूच नका.

आणि रस्ता बंद करायची सोय ठेवा, हातानं. आषाढीला पालख्या आल्या की माळशिरस, वेळापूर, वाखरी तो सगळा पट्टा गाड्यांना बंद असल्यासारखाच. जानेवारीत गड्ड्याला (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) नंदीध्वज निघतात तेव्हा शहरातनं जायचं नाव काढू नका. सीनेला पूर आला की वेगळंच. आमच्यात क्लार्कला नकाशावर लाल रेघ मारता येते, त्या दिवशी त्या रेघेवरनं रूट जात नाही. सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो, बाकी रूट ड्रायव्हरला पाठच असतो, नवा ड्रायव्हर असला तरच बघतो.

गुगलच_बरं

पैशाचं कुणी बोलत नाहीये. आकडा तुझा तू ठरव पण तुकडे कर. सॉफ्टवेअरचे वेगळे, एक्सेल साफ करायचे वेगळे (ताई म्हणतात दीड दिवस, तू चार दिवस धर, क्लार्क रजेवर असतो), वर्षाचा मेंटेनन्स वेगळा. "महिन्याला काही नको" म्हणणाऱ्या माणसाला वर्षाचं सांगायचं, चालतं त्याला. आणि सर्व्हरचं बिल त्यांच्या कार्डवर, तुझ्या नाही. हे मी अनुभवातनं सांगतोय.

जुळे_सोलापूरचा_डेव्ह

सात आठवड्यांनी परत येतोय. धागा अर्धवट सोडून जाणाऱ्यांचा मला पण राग येतो म्हणून.

लीफलेट, रास्टर टाइल पैसे भरून एका छोट्या प्रोव्हायडरकडनं (वर्षाचं बिल, मालकांच्या कार्डवर), मागं पोस्टजीआयएस. १३०० पैकी ९१२ डीलरच्या जागा ड्रायव्हरनी दाबून झाल्यात. गोडाऊनचं ५०० मीटरचं बंधन पहिल्याच दिवशी घातलं होतं, तर एका पठ्ठ्याने बाहेर हॉटेलवर बसून ११ दाबली. ओएसआरएम अजून चालू नाही केलं, लाल रेघ आधी केली, दादा म्हणाले तसं क्लार्क खूश आहे.

मालकांना खाली कोपऱ्यातलं "ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्युटर्स" काढून तिथं स्वतःचा लोगो पाहिजे होता. लायसन्सची अट आहे म्हणून सांगितलं, शेवटी लोगो दुसऱ्या कोपऱ्यात मोठा टाकून दिला.

एक गंमत झाली. मार्करक्लस्टरचे गोल मूळचेच हिरवे, पिवळे, नारिंगी असतात, किती ठिपके आत आहेत त्याप्रमाणे. माझे उधारीचे रंग पण हिरवा, पिवळा, लाल. पहिल्या डेमोला मालक म्हणाले, "बार्शी एवढी नारिंगी कशी? बार्शीकडं तर माझे काही अडकले नाहीत." सेल्समन बिचारा घामाघूम. आता गोल करडे केलेत आणि कडेला उधारीच्या रंगाची पट्टी.

पण खरी गोष्ट वेगळीच. सांगोला तालुक्यात एक गोल होता, आत ३ हा आकडा, कितीही झूम करा फुटेना. शेवटच्या झूमला क्लिक केलं की कोळ्याच्या पायांसारखे तीन ठिपके बाहेर यायचे, परत आत. मला वाटलं ड्रायव्हरने परत चहाच्या टपरीवर दाबलंय. तारखा बघितल्या तर तीन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या ड्रायव्हरनी, अचूकता ८ मीटर. मग वाटलं माझाच बग आहे, एक संध्याकाळ त्यात घातली, क्वेरी तपासली, काही नाही. शेवटी मालकांना टीव्हीवर दाखवून विचारलं, ह्या तीन पार्ट्या शेजारी शेजारी आहेत का.

मालक खुर्चीतनं उठून टीव्हीजवळ गेले. तीन फर्म, तीन आडनावं, तिघांना वेगवेगळी उधारीची लिमिट, आणि एकच शटर. एक त्याच्या नावाची, एक सासऱ्याच्या, एक मेव्हण्याच्या. पहिल्याची लिमिट संपली की दुसऱ्याच्या नावाने बिल, असं तीन वर्षं चाललंय म्हणे. मालक काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "असे गोल अजून किती आहेत ते काढ." २० मीटरच्या आत वेगळ्या नावाचे डीलर, एक ओळीची क्वेरी, काकांनी सांगितलेलीच. १४ निघाले. त्यातले पाच-सहा बाजारपेठेतली खरोखरची शेजारची दुकानं आहेत, बाकीच्यांकडं सेल्समन जाऊन येतायत.

मेंटेनन्सचा चेक त्याच दिवशी मिळाला, वर्षाचा, घासाघीस न करता.

आता एक छोटा प्रश्न राहिलाय. टीव्हीला जो छोटा बॉक्स लावलाय त्याच्यावर रात्रभर ब्राउझर उघडा राहिला की सकाळी नकाशा अर्धा करडा दिसतो, टाइल येत नाहीत, रिफ्रेश केलं की येतात. क्लार्कला रोज सकाळी माउस शोधायला लागतो. कुणाला आलाय का असला अनुभव?

पोस्टग्रेसकाका

पहाटे पाचला पान आपोआप रिलोड होईल असा टायमर टाक आणि झोप. त्याच्यापुढं कारण शोधत बसू नको.